माझ्या पाठीवरची बाग

मी चित्रवर्णनाचा तक्ता बोलतोय. आजवर मुलांनी माझ्यासमोर उभं राहून बोलायचं आणि मी ऐकायचं, अशी रीत होती. ती आज मोडतोय. गेलं वर्षभर माझ्यावरून इतकी तोंडं वाजली, की मनात साचलेलं बाहेर काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही. शब्द जरा चढा लागला तर समजून घ्या. त्यामागे माया आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो.

प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाला मातृभाषेची तोंडी परीक्षा असते. मूल खोलीत येतं, समोर मोठं रंगीत चित्र टांगलेलं असतं आणि आवाज येतो, "बाळ, या चित्रात काय काय दिसतंय ते सांग." ते चित्र म्हणजे मी. कापडावर डकवलेला, वरखाली लाकडी पट्टी, टांगायला सुतळी. परीक्षा संपली की माझी गुंडाळी होते आणि मी शिक्षकांच्या खोलीत कपाटामागे उभा राहतो.

मला काढलं याच शाळेच्या चित्रकलेच्या मास्तरांनी. एका सुट्टीच्या सकाळी ते स्वयंपाकघरात कागद पसरून बसले होते. त्यांच्या बायकोने दूध तापत ठेवलं, "जरा लक्ष असू द्या हं" म्हणाली आणि वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढली. मास्तर "हो हो" म्हणाले आणि मांजराच्या मिशा रंगवत राहिले. व्हायचं तेच झालं. शेगडीभर दूध. ती माउली स्टुलावरूनच म्हणाली, "आता उतू गेलंच आहे, तर निदान चित्रात तरी नीट उतू जाऊ द्या."

म्हणून मी असा आहे. आई स्टुलावर उभी, आपल्याकडे पाठ करून. आजोबांचं तोंड वर्तमानपत्रामागे. मुलगा टेबलाखाली काहीतरी शोधतोय. दारात बाबा वाकून बुटाची नाडी सोडताहेत. मांजर खिडकीबाहेर बघतंय, खिडकीत एक सुकलेली कुंडी. आणि या सगळ्यांच्या मधोमध पातेल्याच्या काठावरून दूध खाली यायला लागलंय. घर भरलेलं आहे आणि दुधाकडे एकाचंही लक्ष नाही.

तेव्हा भाषा शिकवायला मोठ्या बाई होत्या. परीक्षकाचा चेहरा आणि हातातलं पेन दिसलं की मुलांची जीभ टाळूला चिकटते, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी शाळेत एक पद्धत पाडली. मला एका उंच घोडीवर टांगायचं, मुलाने माझ्यासमोर उभं राहायचं आणि परीक्षकांनी माझ्या मागे बसायचं. मुलाला दिसणार मी, परीक्षकाला दिसणार माझी पाठ. पाठीवर एक कागद चिकटवलेला: वर चित्राचं नाव, खाली त्यातले ठळक मुद्दे. "मुद्दे आपल्या आठवणीसाठी आहेत," मोठ्या बाई परीक्षकांना बजावायच्या, "पोरांना त्या दावणीला बांधू नका."

काय दिवस होते ते. एक मुलगी म्हणाली, आई मुद्दाम पाठ करून उभी आहे, तिला रडू आलंय आणि ते कोणाला दाखवायचं नाहीये. एकाने शपथेवर सांगितलं की आजोबा वर्तमानपत्र उलटं धरून झोपलेत. एक पोरगा अडखळत बोलायचा. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मोठ्या बाई मागे गप्प बसून राहिल्या, अगदी देवापुढे बसावं तशा. शेवटी तो म्हणाला, "करपल्याचा वास येतोय." त्याला त्यांनी भरभरून गुण दिले. माझ्या रंगांना वास आहे, हे मलाही त्या दिवशीच कळलं.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. मनाने चांगल्या, कामाला वाघ, पण स्वभाव भित्रा. आणि त्यांच्या नशिबी नेमका तो शब्द आला: भारांश.

भारांश म्हणजे एकूण निकालात कोणत्या विषयाचं वजन किती धरायचं, ते. आणि त्या निकालावरच पोराला पुढे कोणती शाळा मिळणार ते ठरतं. आजवर मातृभाषा, कचेरी-बाजारात चालणारी व्यवहाराची भाषा, गणित आणि विज्ञान, चौघी बहिणींसारख्या एका पंगतीला बसायच्या. आता शाळा मंडळाच्या मनात आलं की मातृभाषेचं वजन निम्मं करावं. झालं. शिक्षकांच्या खोलीत रोज कोणी ना कोणी पालक येऊन तावातावाने बोलायला लागले आणि मी कपाटामागे उभा राहून ऐकायला लागलो.

निम्मं करा म्हणणाऱ्यांचे पुढारी होते दातांचे डॉक्टर. त्यांचं म्हणणं असं, की त्यांच्या घरी सगळे व्यवहाराचीच भाषा बोलतात. मुलगा सगळ्यात हुशार, फक्त मातृभाषेत मार खातो. "माझ्या मुलाला त्याच्याच मातृभाषेची शिकवणी लावावी लागते, आणि वर ती त्याला खाली ओढते," ते म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. पोराच्या डोळ्यांखाली आलेली काळी वर्तुळं त्यांना बघवत नव्हती.

निम्मं करू नका म्हणणाऱ्यांच्या पुढारी होत्या एक वकील बाई. त्यांचा आवाज मोठा आणि भाषा अस्खलित. भाषा गेली की माणसाचं मूळ जातं, असं त्या इतकं कळवळून सांगायच्या की माझीसुद्धा सुतळी थरथरायची. तेवढ्यात दारात त्यांची मुलगी यायची आणि व्यवहाराच्या भाषेत विचारायची, "मम्मी, अजून किती वेळ?" वकील बाई त्याच भाषेत तिला दटावायच्या आणि पुन्हा मुळांकडे वळायच्या.

मला हसू यावं की रडू, कळेना. माझं वजन किती, यावर दोन्हीकडचे घसा बसेपर्यंत भांडले. मला उलगडून बघायला मात्र एकालाही सवड झाली नाही.

मग मंडळाने निरोप धाडला, की यंदा मंडळाचे साहेब स्वतः तोंडी परीक्षेला बसतील. मुलं खरंच बोलतात की नाही ते पाहतील, आणि मग भारांशाचं ठरेल. मुलं अडखळली तर विषयच निम्मा होणार. त्या भीतीपोटी नव्या बाईंनी असं काही केलं, की मी आजही त्यांच्यावर रुसलेलो आहे.

माझा एक जोडीदार आहे, बागेचा तक्ता. मी फाटायला आलो होतो, म्हणून यंदा बागच टांगायची असं ठरलं. नव्या बाईंनी बागेचं एक सुरेख वर्णन लिहून काढलं आणि वर्गाकडून ते घोकून घेतलं. "निसर्गाच्या कुशीत वसलेली ही बाग पाहताच मन हरखून जाते. रंगीबेरंगी फुगे घेऊन फुगेवाला उभा आहे. कारंज्याचे तुषार मोत्यांसारखे चमकत आहेत." सकाळी प्रार्थनेनंतर बाग, मधल्या सुट्टीआधी बाग, घरी जाताना बाग. दातांच्या डॉक्टरांचा मुलगा तर झोपेत मोत्यांसारखा चमकत असेल.

त्या वर्गात एक टकळी होती. खरं नाव हजेरीपुरतं. तोंडाची टकळी सतत चालू, म्हणून सगळी शाळा तिला टकळीच म्हणायची. तिचे बाबा शाळेच्या मुलांची ने-आण करणारी गाडी चालवायचे, मुलं त्यांना काका म्हणायची. सकाळी गाडीत पहिली बसणारी टकळी आणि संध्याकाळी शेवटी उतरणारीही तीच. तिच्या बाबांची नजर रस्त्यावरून हलायची नाही. म्हणून ते तिला म्हणायचे, "बये, मी समोरचं बघतो, तू आजूबाजूचं सांग." अगदी लहान असल्यापासून ती रोज त्यांना आजूबाजूचं सांगत आली होती. कोणाच्या गॅलरीत कोणाची भांडणं चाललीत, न्हाव्याने आज आरसा का पुसलाय, कोणतं कुत्रं कोणाची वाट बघतंय, सगळं.

व्यवहाराच्या भाषेत मात्र तिची टकळी अडायची. तिथे ती बेतास बात. तिला पुढे जायचं होतं नावाजलेल्या मोठ्या शाळेत, कारण तिथे खराखुरा रंगमंच आहे, पडद्यासकट. नव्या बाईंनी मुख्याध्यापकांना सांगितलेलं मी ऐकलं होतं: मातृभाषा इतर विषयांच्या बरोबरीने धरली तर पोरगी मोठ्या शाळेत जाते, निम्मी धरली तर काठावरच राहते. टकळीच्या आईने तर लेकीला ती शाळा मिळेपर्यंत चहातली साखर सोडली होती. गोड चहाशिवाय जिचं पान हलत नाही, अशी बाई ती.

परीक्षेआधी आम्हा दोन्ही तक्त्यांना डागडुजीसाठी पुस्तकं बांधणाऱ्याकडे धाडलं. त्याने मन लावून काम केलं. आमच्या कडा चिकटवल्या, मागे नवं कापड लावलं आणि जुन्या पाठीवरचे मुद्द्यांचे कागद अलगद सोडवून पुन्हा डकवले. आम्ही दोघे तेव्हा पालथे पडलेलो होतो. बागेचा कागद माझ्या पाठीवर बसला आणि माझा बागेच्या पाठीवर. पाठीवर चुकीचं नाव घेऊन मी शाळेत परत आलो. सांगणार कोणाला आणि कसं?

परीक्षेच्या सकाळी शिपाईमामांनी गुंडाळीवरचं नाव वाचलं, "बाग," आणि मागच्या बाजूनेच मला घोडीवर चढवलं. मागे साहेब आणि बाहेरून आलेल्या एक परीक्षक बाई बसल्या. नियम म्हणून नव्या बाई खोलीबाहेर.

पहिलं पोर आलं. छताकडे बघून त्याने सुरुवात केली, "निसर्गाच्या कुशीत वसलेली ही बाग..." माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मागे पेनाने मुद्द्यांवर खुणा होऊ लागल्या. झाडं, झोके, फुगेवाला, कारंजं. शाबास, पुढचा.

डॉक्टरांचा मुलगा आला. त्याने मला पाहिलं आणि तो दचकला. क्षणभर मला वाटलं, आता हा बोलेल. त्याचे ओठ हललेही. मग त्याने डोळे घट्ट मिटले आणि सरळ बागेत शिरला. बाहेर जाऊन त्याने रांगेतल्या पुढच्याला हळूच सांगितलं, "चित्र वेगळंच लावलंय. तू बागच म्हण." तो निरोप रांगभर पोचला. त्यानंतर प्रत्येक पोर आत यायचं, शेगडीकडे बघायचं आणि कारंज्याचं वर्णन करायचं. उतू जाणाऱ्या दुधासमोर उभं राहून मोत्यांसारखे तुषार. माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं? मी नुसता टांगलेला होतो.

मग टकळी आली. निरोप तिलाही मिळाला होता, बाग तिलाही पाठ होती. तिने "निसर्गाच्या" एवढं म्हटलंही. पण तिची नजर पातेल्यावर गेली आणि ती थांबली.

"अगं बाई, दूध," ती म्हणाली.

आणि मग ती जी सुटली. आई डबा काढतेय, पण डबा एवढा वर ठेवलाच का, तर मुलगा खाऊ संपवतो म्हणून. तोच मुलगा टेबलाखाली लपलाय, शोधल्याचं नाटक करतोय. आजोबांना वास आलाय, पण आपण उठलो तर रोज आपल्यालाच उठवतील म्हणून ते गप्प आहेत. मागून परीक्षक बाईंनी तिला थांबवलं. त्यांचा आवाज मऊ होता.

"बाळ, चित्रात झाडं दिसतात का तुला?"

"झाडं नाहीत. एक कुंडी आहे, पण तिला कोणी पाणी घालत नाही."

"बरं, फुगेवाला?"

"फुगेवाला नाही. दारात बाबा आलेत. ते आले तरी कोणी मान वर केलेली नाही, म्हणून ते नाडी सावकाश सोडताहेत."

मागे साहेब पुटपुटले, "भरकटली बिचारी." परीक्षक बाईंनी उसासा टाकला. टकळीच्या कागदावर त्यांनी अगदी थोडे गुण मांडले आणि हळू आवाजात साहेबांना शेरा वाचून दाखवला: "गोष्ट चांगली रचते, पण समोर काय आहे ते बघत नाही."

समोर काय आहे ते बघत नाही. आणि हा शेरा माझ्या पाठीमागे बसून लिहिलेला. त्या क्षणी माझी सुतळी तुटली असती आणि मी त्यांच्या अंगावर कोसळलो असतो, तर मला आनंद झाला असता.

गुण लागले त्या दिवशी टकळी रडली नाही. ती शिक्षकांच्या खोलीत आली आणि नव्या बाईंना तिने एवढंच विचारलं, "बाई, आमच्या चित्रात बाग होती कुठे?" बाईंना आधी वाटलं, पोरगी सबब सांगतेय. मग त्या कपाटामागे आल्या. मला बाहेर काढून त्यांनी अर्धंच उलगडलं, शेगडी दिसताच मला उलटं केलं आणि पाठीवरचा कागद वाचला. सगळा वर्ग बाग का म्हणाला आणि ती बाग कोणी घोकून घेतली, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? गप्प राहिल्या असत्या तर त्यांचा वर्ग मंडळात पहिला होता.

आठवडाभराने सभागृहात पालकांची सभा भरली. साहेबांनी कौतुक केलं, मुलं खडाखडा बोलली म्हणाले. वकील बाई उभ्या राहिल्या: बघा, भाषा जिवंत आहे, वजन मुळीच कमी करू नका. डॉक्टर उभे राहिले: माझ्या मुलाने एवढे गुण मिळवले ते शिकवणीच्या जोरावर. आणि जिच्या घरी हीच भाषा बोलतात ती मुलगी तळाला, मग ही परीक्षा मोजते तरी काय? टकळीचे बाबा मागच्या रांगेत बसले होते. शेजारी तिची आई. दोघांच्या माना खाली.

तेव्हा नव्या बाई मला घेऊन व्यासपीठावर आल्या. "परीक्षेत हा तक्ता लावला होता," त्या म्हणाल्या. "आपण सगळ्यांनी याची पाठ पाहिलीत. एकदा तोंड बघा." आणि त्यांनी मला उलगडलं.

डॉक्टरांनी मुलाकडे वळून विचारलं, "तू या चित्राचं काय वर्णन केलंस?"

"बाग," तो म्हणाला. "सगळ्यांनी बागच केली."

कोणीतरी हसलं, मग हसू पसरलं, मग एकदम थांबलं. वर्णन आपणच पाठ करून घेतलं होतं, हेही बाईंनी सांगून टाकलं. मला वाटलं, आता तरी. आता तरी ही माणसं क्षणभर गप्प राहतील, मला बघतील, त्या पोरीला पुढे बोलावतील आणि म्हणतील, सांग गं बाई तुला काय दिसलं ते.

छे. श्वास घेण्याइतकी उसंत मिळाली आणि पुन्हा जुंपली. डॉक्टर म्हणाले, हेच मी म्हणतो, नुसतं पाठांतर, निम्मं करा. वकील बाई म्हणाल्या, हे आमच्या भाषेविरुद्ध कारस्थान आहे. मी त्यांच्यामध्ये उलगडलेला लोंबत होतो आणि माझ्या पातेल्यातलं दूध उतू जात होतं. बघितलं कोणी? आई स्टुलावर, आजोबा वर्तमानपत्रामागे.

निकाल मंडळाने दिला. टकळीचे गुण दुरुस्त झाले, पैकीच्या पैकी. बाकीच्यांचे जाहीर झालेले गुण काढून घेता येत नाहीत, म्हणून बाग पाहणाऱ्यांचे तसेच राहिले. आणि मुलं पाठ करतात या कारणाने मातृभाषेचा भारांश याच वर्षापासून निम्मा झाला. तोंडी परीक्षाही गेली, आता फक्त लेखी. ज्या एका पोरीने पाठ केलेलं टाकून दिलं, तिच्याच गुणांचं मोठं गाठोडं निम्मं झालं. मोठ्या शाळेच्या यादीत तिचा नंबर लागला नाही. थोडक्यात हुकला.

ती घराजवळच्या शाळेत गेली. तिथे रंगमंच नाही, ओटा आहे. तिची आई अजून बिनसाखरेचाच चहा पिते. सोड आता तो नवस, असं नवऱ्याने म्हटलं तर म्हणते, "देवाने नाही म्हटलेलं नाही, थांब म्हटलंय. तोवर मीही थांबते." मला तिच्याइतकी शांती नाही. मला अजून राग येतो.

परीक्षाच गेली म्हटल्यावर शिपाईमामा मला अडगळीत टाकायला निघाले होते. नव्या बाईंनी मला त्यांच्या हातून घेतलं आणि फाटकाशी उभ्या असलेल्या गाडीवाल्या काकांना दिलं. काकांनी आपल्या आसनाच्या पाठीला दोन खिळे ठोकले आणि मला तिथे टांगलं, तोंड मुलांकडे करून. पाठीवरचा बागेचा कागद टकळीने ओला करून, हलक्या हाताने, खरवडून काढला. पाठीला किती मोकळं वाटलं म्हणून सांगू.

आता मी रोज सकाळ-संध्याकाळ हिंदकळत असतो. लहान लहान मुलं माझ्यासमोर बसतात, डब्याचे हात मला पुसतात, भांडतात, पेंगतात. टकळीची नवी शाळा वाटेवरच आहे, त्यामुळे तिची पहिली जागा अजून तिचीच. तिने कोणाला काही पाठ करायला दिलेलं नाही. काका फक्त आरशातून विचारतात, "काय रे पोरांनो, चित्रातल्या घरात आज काय चाललंय?" मग मागून आवाज येतात. कोणी मातृभाषेत, कोणी व्यवहाराच्या, कोणी दोन्हींची खिचडी करून. गुण कोणालाच मिळत नाहीत.

डॉक्टरांची धाकटी लेक यंदापासून याच गाडीने येते. सहा महिन्यांत तिने मातृभाषेतला एक शब्द उच्चारला नव्हता. घरी तसं बोलायला होतं कोण? ती नुसती माझ्यासमोर बसून माझ्याकडे बघायची. परवा गाडी सिग्नलला थांबली होती. ती जागेवरून उठली, माझ्याजवळ आली आणि तिने आपलं इवलंसं बोट दुधावर ठेवलं. मग मान वर करून स्टुलावरच्या त्या पाठमोऱ्या आईला म्हणाली,

"अगं, इकडे बघ ना."

काकांनी गाडी लगेच सुरू केली नाही. मागच्या गाड्या भोंगे वाजवत राहिल्या.

माझं मागणंही तेवढंच आहे. वजन किती धरायचं ते तुम्ही ठरवा, निम्मं धरा, पाव धरा. पण ठरवायच्या आधी एकदा स्टुलावरून खाली उतरा, वर्तमानपत्र बाजूला ठेवा, आणि घरात शेगडीवर काय ठेवलंय ते बघा. दूध अजून सगळं गेलेलं नाही. बोट ठेवलं तर अजून गरम लागतं.